प्रॉप दिसला, कपडा राहून गेला

टोकियोच्या गिन्झा भागातल्या एर्मेस या फ्रेंच फॅशन ब्रँडच्या दुकानासाठी डिझायनर तोकुजिन योशिओका यांनी 2009 मध्ये एक शोकेस केली होती. मागे स्क्रीन, त्यावर एका बाईचा चेहरा, समोर टांगलेला एक रेशमी स्कार्फ. बाई फुंकर घालते आणि स्कार्फ खरोखर फडफडतो. एवढंच. फुलं नाहीत, झाडं नाहीत, पुतळासुद्धा नाही.

रेशीम किती हलकं आहे, हवेत कसं उचललं जातं, खाली येताना कसं मुडपतं, हे त्या फुंकरीनं सांगून टाकलं. तिथे स्कार्फच्या जागी जाड लोकरी शाल टांगली असती तर ती हललीच नसती आणि सगळी शोकेस फसली असती. फॅशनच्या दुकानाची काच, म्हणजे शोकेस, तपासून तिला गुण देताना आम्ही हाच प्रश्न आधी विचारतो: मांडणी तशीच ठेवून आतला कपडा बदलला तर काही बिघडतं का? काहीच बिघडत नसेल तर ती नाटकाच्या सेटसारखी सजावट झाली. सुंदर असेल, पण ती कपडा विकत नाही. आणि कल्पक म्हणून गाजणाऱ्या बऱ्याच शोकेस इथेच गळतात.

याचं सगळ्यात नाट्यमय उदाहरण मार्च 1939 मधलं. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या बॉनविट टेलर या दुकानानं चित्रकार साल्वादोर दाली यांना दोन काचा दिल्या. एकीत लोकरी कातड्यानं मढवलेला, पाण्यानं भरलेला बाथटब होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तक्रारी केल्या, दुकानानं दालींना न विचारता पुतळे बदलले. दाली संतापून आत शिरले, टब ढकलला आणि टबासकट काच फुटून फुटपाथवर आली. अटकही झाली. किस्सा म्हणून हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या काचांमध्ये विकायचे कपडे कोणते होते, ते मात्र कोणी सांगत नाही. हा त्या मांडणीचा निकाल. (कारागिरीच्या बाजूनं एक नोंद: पाणी भरलेली जड वस्तू काचेजवळ, जमिनीला न बांधता ठेवू नये. कलाकार शांत स्वभावाचा असला तरी.)

त्याच दुकानात एप्रिल 1961 मध्ये चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी आपली पाच चित्रं पुतळ्यांच्या मागे लावली. ही कितीतरी शहाणी मांडणी. चित्रं मागे, कपडे पुढे. वर्तमानपत्री जाहिराती आणि कॉमिक्समधून उचललेली ठळक, सपाट चित्रं, म्हणून पुढच्या कपड्याची बाह्यरेषा सुटी दिसते. मागच्या भिंतीवर बारीक नक्षी आणि पुढे बारीक नक्षीचा ड्रेस, असं केलं की ड्रेस भिंतीत विरघळतो. ही चूक आजही दर सणाला दिसते.

लुई व्हिताँ हा फॅशन ब्रँड आणि जपानी कलाकार यायोई कुसामा यांच्या 2012 च्या मांडणीत ठिपकेच ठिपके होते. भिंतीवर, वस्तूंवर, मालावर. न्यूयॉर्कच्या दुकानात तर कुसामांचा हुबेहूब मेणाचा पुतळा उभा केला होता. 2023 मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले, तेव्हा मेणाच्या जागी हलणारा, ठिपके रंगवणारा यंत्रपुतळा आला. माल आणि मांडणी एकाच चिन्हातून आलेली, त्यामुळे वरच्या कसोटीवर हे उतरतं. पण दोन्हींत सरस पहिली. यंत्रपुतळ्यासमोर लोक फोन काढून थांबतात, हाताची हालचाल टिपतात आणि शेजारची बॅग न बघता पुढे जातात. हलणारी वस्तू नजर स्वतःकडे ओढून घेते, ती कपड्याकडे सोडत नाही. हालचाल हवीच असेल तर ती कपड्यालाच द्यावी, जशी योशिओकांनी दिली.

आता भरगच्च मांडणीची बाजू. पॅरिसच्या फोबूर सेंत-ओनोरे रस्त्यावरच्या एर्मेसच्या काचा 1978 पासून 2013 पर्यंत लैला मंशारी यांच्या हाती होत्या, आणि त्या म्हणजे काटकसरीच्या बरोबर उलट टोक: अख्खं दृश्य, मुद्दाम घडवून घेतलेल्या वस्तू. न्यूयॉर्कच्या बर्गडॉर्फ गुडमन या दुकानाच्या नाताळातल्या काचा याच जातीच्या, इंच-इंच भरलेल्या. दोन्हीकडे हे चालतं, कारण लोक तिथे मुद्दाम बघायला येतात आणि थांबतात. बाकी रस्त्यावर माणूस सेकंदाला साधारण 1.3 ते 1.4 मीटर चालतो, म्हणजे 3 मीटर रुंद काच सव्वादोन सेकंदांत मागे पडते. तेवढ्या वेळात एक आकार आणि एक रंग डोक्यात शिरतो, तिसरं काही नाही. बर्गडॉर्फची नक्कल घाईच्या रस्त्यावर केली की ती अडगळीची खोली दिसते. पैसा कमी पडला म्हणून नव्हे, बघणाऱ्याकडे वेळ नाही म्हणून.

म्हणून आम्ही शोकेस तीन अंतरांवरून बघतो. रस्त्यापलीकडून, दहा-बारा मीटरवरून, डोळे किलकिले करून: काही एक ठळक आकार उरतो का? तीन मीटरवरून: नजर कपड्यावर जाते की पाटीवर? मग काचेला नाक लावून: टाचण्या, धूळ, मेलेल्या माश्या, टेपची टोकं. पहिल्या अंतरावर नापास झालेली मांडणी पुढे कितीही सुबक असली तरी वाया, कारण तिथवर कोणी येतच नाही.

सगळ्यात जास्त मांडण्या मात्र काचेमुळेच मरतात. साधं तावदान दोन्ही पृष्ठभागांवर मिळून सुमारे 8 टक्के उजेड परत फेकतं. दुहेरी काच असेल तर जवळपास दुप्पट. कडक उन्हात बाहेर 50,000 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड असतो, दुकानात पाचशे-हजार. अशा वेळी आत काळी मखमल लावली असेल तर बघणाऱ्याला स्वतःचा चेहरा, मागची गाडी आणि समोरची इमारत दिसते, कपडा दिसत नाही. रात्री भारदस्त वाटणारी काळी शोकेस दुपारी आरसा होते ती अशी. उपाय ठरलेले आहेत: मागची भिंत फिकट ठेवा, काचेवर छज्जा काढा, पुतळा काचेच्या जवळ आणा, दिवसा दिवे पूर्ण चढवा आणि संध्याकाळी उतरवा. प्रतिबिंबविरोधी लेप असलेली काच परावर्तन एका टक्क्याच्या आसपास आणते, पण महाग पडते आणि तिच्यावर बोटांचे ठसे जास्त उठून दिसतात. दिवस-रात्र एकाच पातळीवर जळणारे दिवे दिसले की समजावं, मांडणी रात्री बसवली आणि दिवसा कोणी येऊन पाहिलंच नाही.

रात्रीची बाजू सेल्फ्रिजनं फार आधी ओळखली होती. 1909 मध्ये लंडनला दुकान उघडलं तेव्हा दुकान बंद झाल्यावरही काचेतले दिवे चालू ठेवले.

दिव्यांचं बसवणंही बघा. स्पॉटलाइट काचेच्या बाजूला, वर लपलेले आणि आत झुकलेले हवेत, उभ्या रेषेपासून साधारण 30 ते 45 अंशांत. बरोबर डोक्यावरचा दिवा पुतळ्याच्या भुवईखाली, हनुवटीखाली आणि कोटाच्या कॉलरखाली काळे डाग पाडतो. मागून बाहेर रोखलेला दिवा थेट बघणाऱ्याच्या डोळ्यात जातो. अगदी समोरून सपाट उजेड टाकला की कॉर्डरॉयच्या रेघा, ट्वीडचा खरखरीतपणा, भरतकामाचा उठाव सगळं पुसलं जातं. पोत दाखवायचा तर एक दिवा बाजूनं, कपड्याला घासून जाणारा लागतो. छातीवर 10 ते 15 अंशांचा अरुंद झोत आणि भोवती 25 ते 40 अंशांचा रुंद, एवढ्या जोडीवर बहुतेक पुतळे भागतात. एलईडी घेताना सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, 90 च्या वर हवा हे आता सगळे सांगतात. लाल रंगासाठीचा आर9 हा आकडा मात्र वेगळा विचारावा लागतो, कारण सीआरआयच्या सरासरीत तपासणीचे पहिले आठच रंग धरतात. आर9 कमी असलेल्या दिव्याखाली मरून कोट विटकरी दिसतो. गिऱ्हाईक बाहेर उजेडात नेऊन बघतं आणि रंग वेगळा म्हणून परत देतं.

पुतळ्यांवर दुकानाची शिस्त कळते. पँट घालायची तर कंबरेपासूनचा वरचा भाग काढून, पाय उलटे धरून पँट चढवायची, मग पाय स्टँडच्या दांडीवर बसवायचे, मग धड, मग हात काढलेल्या धडावर शर्ट, बाह्यांतून हात, आणि शेवटी पंजे. हा क्रम मोडून तयार पुतळ्यावर पँट ओढली की शिवण उसवते किंवा बोटांचा रंग उडतो. दांडी दोन तऱ्हांची असते. पोटरीत घुसणारी असेल तर बूट शाबूत राहतो, पण चुस्त पँटची शिवण दांडीसाठी उसवावी लागते. तळव्यात घुसणारी असेल तर पँट शाबूत, बुटाला भोक. बूटही विकायचे आणि स्किनी जीन्सही, असं ठरवलं की कुठेतरी पाणी सोडावं लागतंच. बरीच दुकानं मग पुतळा अनवाणी उभा करतात आणि त्याला स्टाइल म्हणतात.

मागच्या बाजूनं कपडा टाचण्यांनी आवळणं यात फसवणूक नाही, सगळेच करतात. फक्त कोपऱ्यावरच्या दुकानात, जिथे काच दोन बाजूंनी आहे, तिथे त्या टाचण्या उघड्या पडतात. ब्लेझरच्या बाहीत टिश्यू पेपर भरला नसेल तर बाही कोपरापाशी चपटी होऊन लोंबते. पाकिटातून काढलेल्या शर्टावर घडीचा चौकोन तसाच असेल, मनगटाच्या सांध्यात फट दिसत असेल, तर मागच्या भिंतीवर लाखोंचा खर्च केला असला तरी आमचे गुण जातात. स्टीमरची दहा मिनिटं फुकट असतात.

टांगलेल्या मांडण्या सध्या फार. छत्र्या, कागदी पक्षी, हवेत तरंगणारे बूट. इथे तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा) वापरला की दोन गोष्टी होतात: स्पॉटखाली तो चांदीसारखा चमकतो, आणि वजनानं हळूहळू ताणला जाऊन आठवड्याभरात एका ओळीत टांगलेले बूट वरखाली होतात. काळ्या लेपाची बारीक स्टीलची तार बरी. वस्तू एका तारेवर टांगली तर एसीच्या झोतानं गोल फिरत राहते आणि बुटाचा तळ दाखवते, म्हणून दोन तारा. वजन फॉल्स सीलिंगच्या फळीवर नाही, स्लॅबवर किंवा लोखंडी जाळीवर. आणि तारेची क्षमता वजनाच्या निदान पाचपट.

प्रॉपच्या, म्हणजे सजावटीच्या, सामानात नेहमीचे घोटाळे तेच ते. थर्माकोलवर सॉल्व्हंटचा स्प्रे पेंट मारला की तो वितळून खड्डे पडतात, पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक लागतो. फोम बोर्ड एकाच बाजूनं रंगवला की वाळताना धनुष्यासारखा वाकतो, मागूनही एक हात द्यावा लागतो. बंद शोकेसमध्ये ऊन आलं की ग्लू गनचा गोंद मऊ पडतो आणि सकाळी बसवलेली फुलं दुपारी जमिनीवर. हवा जायला वर-खाली फट ठेवली तर निम्मा त्रास वाचतो.

काचेवरची अक्षरं कमीच बरी. 3 मीटरवरून सहज वाचायला किमान 2.5 सेंटिमीटर उंची धरा, अंतर दुप्पट तर उंची दुप्पट, आणि ती कधीही पुतळ्याच्या चेहऱ्यावर किंवा कपड्याच्या गळ्यावर आणू नका. सेलचा लाल पट्टा अख्ख्या काचेवर आडवा मारणाऱ्या दुकानांचं परीक्षण करायचं कारण नाही, त्यांनी शोकेस स्वतःच झाकलेली आहे.

राहता राहिला कपड्याचा टिकाव. उन्हाच्या बाजूला रेशीम आणि गडद निळा, जांभळा फार लवकर विटतात, तेही फक्त पुढच्या अंगानं; खांद्याची शिवण उलगडून बघितली की मूळ रंग आणि आताचा रंग शेजारीशेजारी दिसतात. अशा काचेत दोन आठवड्यांत कपडा बदलावा आणि उतरवलेला नग नवा म्हणून विकू नये. आणखी एक, जे मांडणाऱ्यांच्या हातात नसतं पण शोकेस पाडतं: काचेतला कपडा आत सगळ्या मापांत नसणं. गिऱ्हाईक आत येऊन नेमका तोच मागतं, आणि दुकानदाराला पुतळ्याचे हात काढून, पाठीच्या टाचण्या सोडवून, एकुलता एक मीडियम खाली उतरवावा लागतो. तोही टाचण्यांची भोकं पडलेला.