भूलतज्ज्ञांना ५ स्टार, बिलिंग काउंटरला २

अण्णांची प्रोस्टेट कॅन्सरची ब्रेकीथेरपी (म्हणजे शरीराच्या आतूनच रेडिएशन द्यायचं) या हॉस्पिटलमधे झाली. वय ७४, शुगर, त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू, म्हणून आम्हाला रेडिएशनपेक्षा भुलीचंच टेन्शन जास्त होतं. पण भूलवाल्या मॅडमनी आधीच ओपीडीत बोलवून ईसीजी, रिपोर्ट सगळं नीट बघितलं, रक्त पातळ करायची गोळी कधी बंद करायची ते हार्टच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून दिलं, ही गोळी आपल्या मनाने बंद करू नका हां कोणी.

यात सोनोग्राफीवर बघत खालून सुया घालतात आणि त्यातून रेडिएशन देणारा इरिडियमचा सोर्स आत जाऊन परत येतो, मधे पेशंट हलला की सुया सरकणार, म्हणून भूल पक्की लागते. पूर्ण बेशुद्ध न करता कमरेतून इंजेक्शन दिलं, वर गुंगीचं थोडंसं औषध. सहा तास आधीपासून खाणं बंद, पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चाललं. शुगरवाले म्हणून नंबर पहिला लावला हे फार बरं केलं. अण्णा तर आत सिस्टरशी ऊसदराच्या गप्पा मारत होते म्हणे!

नंतर पाय बराच वेळ जड होते, लघवीची नळी होती, तिची कुरकुर जास्त. डोकं वगैरे काही दुखलं नाही.

वैताग एकच, भुलीचा चार्ज एस्टिमेटमधे धरलाच नव्हता आणि कॅशलेसवाले त्यावर अडून बसले, त्यामुळे डिस्चार्ज संध्याकाळवर गेला. जाणार असाल तर तो आकडा आधीच वेगळा लिहून मागा.