माशांच्या खाद्यात मिसळायची पावडर: करवीरमधील शेततळ्यावरचा अनुभव

आमच्या शेततळ्यात रोहू, कटला आणि मृगळ आहेत. गेल्या पावसाळ्यात काही रोहूंच्या पोटाखाली लाल चट्टे दिसू लागले, एकदोन माशांचे पोट फुगून खवले उभे राहिले, तेव्हा कोल्हापुरातील एका दुकानातून खाद्यात मिसळायची पावडर आणली. तिच्यात सेंद्रिय आम्ले, लसणाचा अर्क आणि बॅसिलस सबटिलिस हे उपयुक्त जिवाणू आहेत. पाकिटावर मात्र ठळक अक्षरांत ‘जिवाणूजन्य रोगांवर हमखास इलाज’ असे छापले आहे, आणि माझी तक्रार आहे ती याच दाव्याबद्दल.

एरोमोनाससारख्या जिवाणूंची लागण झालेला मासा लवकरच खाणे सोडतो, त्यामुळे खाद्यातून दिलेले काहीही मुख्यतः धडधाकट माशांच्याच पोटात जाते. हे मी बांधावर उभे राहून पाहिले. दाणे पडताच सगळा थवा वर आला, पण चट्टे पडलेले पाच-सहा रोहू कडेच्या गवताशी निपचित राहिले. दाणे त्यांच्या तोंडाजवळून वाहत गेले, तरी एकानेही तोंड उघडले नाही. ते सगळे दगावले.

पहिल्या दिवशी सांगितल्याप्रमाणे किलोला ५ ग्रॅम पावडर कोरडीच मिसळली, तर तिचा पांढरा तवंग पाण्यावर पसरला. पुढे दाण्यांना आधी थोडे खाद्यतेल चोळून, त्यावर पावडर लावून अर्धा तास सावलीत वाळवू लागलो, तेव्हा ती टिकली. ही कृती पाकिटावर असायला हवी होती. उरलेले मासे खाद्यावर चांगले तुटून पडू लागले आणि मरही थांबली. परंतु त्याच आठवड्यात मी पाणी बदलले होते आणि खाद्य निम्म्यावर आणले होते, म्हणून सगळे श्रेय पावडरीला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सोबत प्रतिजैविकही देण्याचा सल्ला मला दुकानात मिळाला, तो मी मानला नाही. प्रतिजैविकाने बॅसिलसही मरू शकतो, मग पावडरीवर खर्च कशाला करायचा? शिवाय क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही मत्स्यपालनात बंदी असलेली औषधे आहेत, आणि माणसाच्या अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर भारतात २०१९ पासून बंदी आहे. आजारी मासा प्रयोगशाळेत तपासून घेतल्यावाचून प्रतिजैविकाला हात लावू नये.

मासे खात असताना, पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा जाळे ओढल्यानंतर प्रतिबंधासाठी मी ही पावडर पुन्हा वापरेन. मात्र एका ग्रॅममध्ये जिवंत बॅसिलस किती, हा आकडा या पाकिटावर नाही. पुढचे पाकीट तो पाहूनच घेईन.