हाताने फिरवायची डाय कटिंग मशीन: चौदा महिने वापरल्यावर

माझी हाताने केलेली शुभेच्छा कार्डं बघून गेल्या दिवाळीपासून बऱ्याच जणींनी विचारलं की मशीन कुठली, घेऊ का, पैसे वसूल होतात का, आणि प्रत्येकीला अर्धवट उत्तर दिलं गेलं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. मी भुसावळला राहते. मागच्या वर्षी आप्पांच्या रिटायरमेंटच्या आधी दोन महिने ही मशीन ऑनलाइन मागवली, ४८०० रुपयांना, सोबत बारा डाय फुकट असं लिहिलेलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत, आणि अशाच बनावटीच्या मशीन चार-पाच नावांनी विकल्या जातात.

मशीन म्हणजे काय ते आधी सांगते. दोन रोलर, बाजूला हँडल, वीज लागत नाही. शिरपूरहून मावशी आली होती ती खोकं उघडल्यावर बघतच राहिली आणि म्हणाली, "हाई काय पापडनं मशीन शे का वं?" दिसायला खरंच तसंच आहे. काम पण जवळपास तसंच, फक्त लाटण्याऐवजी दाब देऊन कापायचं. डाय म्हणजे पातळ स्टीलची आकृती, तिच्या एका बाजूला धार असते. खाली जाड बेस प्लेट, तिच्यावर पारदर्शक कटिंग प्लेट, मग डाय धार वर करून, डायवर कागद, वरून दुसरी कटिंग प्लेट, आणि हा सगळा थर रोलरमधून एकदा हँडल फिरवून पलीकडे काढायचा. कट्‌कट् असा बारीक आवाज येतो आणि गोल, चौकट, पान, फूल जे काय असेल ते स्वच्छ कापलेलं मिळतं. पहिल्यांदा पान कापलं तेव्हा मी ते अर्धा तास हातात घेऊन बसले होते, कडा इतक्या साफ की कात्रीने जन्मात जमलं नसतं.

माझ्या मशीनचं तोंड सहा इंचाचं आहे. तीन इंचवाली छोटी पण मिळते, स्वस्त असते, पण मी सांगेन की ती घेऊ नका. छोट्या मशीनमधे फुलं, पानं, अक्षरं निघतात पण कार्डाची चौकटच बसत नाही आणि चौकट हेच तर सगळ्यात जास्त लागतं. सिझिक्स कंपनीची बिग शॉट मशीन पण सहा इंचाचीच आहे, म्हणजे बाजारातले बहुतेक डाय या मापात बसतात.

आता मापावरूनच एक गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नाही आणि माझा पहिला पूर्ण महिना त्यात गेला. चौकटींचे डाय बहुतेक बनतात ते अमेरिकन कार्डाच्या मापाने, सव्वाचार बाय साडेपाच इंच, म्हणजे साधारण १०८ बाय १४० मिलिमीटर. आपण काय करतो, ए-फोर शीट आणतो, अर्धी कापतो, घडी घालतो, की कार्ड होतं १०५ बाय १४८ चं. म्हणजे रुंदीला तीन मिलिमीटर कमी आणि लांबीला आठ जास्त. तर सेटमधली सगळ्यात मोठी चौकट कापली की ती आपल्या कार्डाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते आणि वरखाली मात्र जागा उरते. मला वाटायचं माझीच घडी चुकतेय, पट्टी घेऊन चार-चार वेळा मोजायचे. मग कळलं. आता मी ए-फोर मधून अर्धी न करता सरळ १४० बाय २१६ चा तुकडा कापते आणि मधे घडी घालते, सगळं बरोबर बसतं, उरलेल्या पट्टीत शुभेच्छांची अक्षरं कापायची. चौकटींचा सेट घेताना मिलिमीटर बघा, नुसतं 'कार्ड साइज' लिहिलंय म्हणून घेऊ नका.

फुकटातले बारा डाय. त्यातले दोन खोक्यातून वाकडेच निघाले, एक फुलपाखराचा एका पंखाला कापतच नाही. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तीन आठवडे उत्तर नाही, मग म्हणाले फुकटच्या वस्तू बदलून मिळत नाहीत. मला राग आला तो एवढ्यासाठी की जाहिरातीत त्याच बाराचा मोठा फोटो आहे, त्याच्यावर बघूनच तर माणूस घेतो. उरलेल्यात रेनडिअर, बर्फाचा कण, ख्रिसमसचं झाड. बर्फाच्या कणाचं भुसावळमधे मी काय करू. म्हणून सांगते, सोबत काय फुकट आहे ते बघून मशीन ठरवू नका, नुसती मशीन घ्या आणि चौकटींचा एक, गोलांचा एक असे दोन चांगले सेट वेगळे घ्या. एकात एक बसणारे सेट असतात ते, लहान ते मोठे, त्याच्यावर वर्षभर कार्डं होतात.

कटिंग प्लेटवर थोडं. त्या कापून कापून चरे पडतात, त्याला घाबरायचं नाही, पण एकाच बाजूने वापरल्या की वाकतात. दर वेळी उलटी करायची, वरची खाली, खालची वर. मी सुरवातीला केलं नाही आणि वर मे महिन्यात मशीन पत्र्याच्या खोलीत ठेवली, प्लेट पार होडीसारखी झाली. आपल्याकडचं ऊन सांगायला नको. आता मशीन आतल्या खोलीत, प्लेट आडव्या, वर दोन जाड पुस्तकं. नवीन जोडी ६५० ला मिळाली. बेस प्लेटला मात्र दहाव्या महिन्यात एका कोपऱ्यात तडा गेला आणि ती सुटी मिळतच नाही असं कंपनी म्हणते, हा मोठा वांधा आहे. तडा अजून वाढला नाहीये पण जाड डाय घातला की मला धाकधूक होते. घेण्याआधी विचारून घ्या की सगळ्या प्लेट सुट्या मिळतात का, हा एक प्रश्न मी विचारला असता तर दुसरी मशीन घेतली असती.

बारीक नक्षीचा डाय असेल तर कागद डायमधे अडकून बसतो. डाय आणि कागदाच्या मधे बटर पेपरचा तुकडा ठेवायचा, सुटून येतो. एखाद्या ठिकाणी कापलं गेलं नाही तर वरून एक साधा कागद जास्तीचा ठेवून परत फिरवायचं, दाब वाढतो. डाय सरळ न ठेवता थोडा तिरपा ठेवला की रोलरवर लांब धार एकदम येत नाही, हँडल हलकं फिरतं. आणि पांढरी डॉक्टरी पट्टी असते ना कागदाची, तिने डाय कागदाला चिकटवायचा म्हणजे सरकत नाही, निघतानाही कागद फाटत नाही.

कागद. याच्यावर मी मशीनइतकंच भांडेन. कार्डाच्या मुख्य घडीला २५० ते ३०० जीएसएम (आकडा जितका मोठा तितका कागद जाड) हवा नाहीतर कार्ड उभं राहत नाही, वरच्या थरांना १२० ते १६० पुरे. जळगावला फुले मार्केटला गेले की स्टेशनरीतून आयव्हरी शीट (कार्डाचा जाड कागद) आणते, पण खरा खजिना म्हणजे लग्नपत्रिका छापणारे प्रेस. त्यांच्याकडे कापून उरलेल्या पट्ट्यांचा ढीग असतो, मेटॅलिक, टेक्स्चरवाला, सोनेरी, आणि एरवी रद्दीत जातो. आमच्या इथल्या प्रेसवाल्या काकांनी मला दोन किलो तुकडे ऐंशी रुपयांत दिले, लग्नसराई संपल्यावर जा, तेव्हा भरपूर असतात. फक्त चकचकीत आर्ट कार्डवर रंगवू नका, मार्कर वरच्यावर राहतो आणि बोट लागलं की निघतो. ते कापायला छान, रंगवायला नाही.

रंगवणं हाच माझ्या मते या सगळ्याचा जीव आहे, आणि मशीनच्या जाहिरातींमधे त्याच्याबद्दल एक अक्षर नसतं. मशीन चौकट देईल, पण कार्ड हातात घेतलेला माणूस बघतो ते मधलं चित्र. आप्पा लोको शेडमधे होते, इलेक्ट्रिक इंजिनांवर एकतीस वर्षं काम केलं. त्यांच्यासाठी मला इंजिनच हवं होतं आणि इंजिनाचा रबर स्टॅम्प शोधला तर सगळीकडे धुराची गाडी, डब्यातून टेडी बेअर डोकावतोय असली. मग मी त्यांच्याच जुन्या फोटोवरून वॅप-४ या इलेक्ट्रिक इंजिनाची रेघांची आकृती काढली आणि झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आयव्हरीवर काढून घेतली. तिथल्या भाऊंना सांगावं लागलं की बायपास ट्रेमधून, म्हणजे बाजूच्या ट्रेमधून घाला, नाहीतर जाड कागद आत अडकतो. लेझरचीच प्रिंट घ्या. माझ्या घरच्या इंकजेटवर आधी काढली होती, पाण्याचा ब्रश लागल्या लागल्या काळी रेघ पसरली आणि चाकं राखाडी झाली. लेझरची रेघ अल्कोहोल मार्करखाली (ज्याची शाई पाण्याऐवजी अल्कोहोलमधे असते) पण हलली नाही, तरी आधी कोपऱ्यात एक रेघ मारून बघा, प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. रबर स्टॅम्प वापरत असाल तर शाई अल्कोहोल मार्करला चालणारी आहे ना ते बघून घ्या आणि नीट वाळू द्या.

अल्कोहोल मार्करची गंमत अशी की एका रंगावर दुसरा ओला असतानाच गेला तर दोन्ही मिसळतात आणि रेघ दिसत नाही. आधी सगळीकडे फिकट, मग सावलीच्या बाजूला मधला, अगदी कडेला गडद, आणि परत फिकटाने कडा पुसत यायचं. तीन लाल लागले मला इंजिनाला. पण हे सगळं भराभर करावं लागतं कारण आपल्याकडे एप्रिल-मे मधे दुपारी मार्कर कागदावर टेकेपर्यंत वाळतो. पंख्याखाली तर जमतच नाही. मी पहाटे साडेपाचला बसायचे, पंखा बंद करून, तेव्हा कुठे सलग रंग यायचा. आणि कूलरसमोर पण बसू नका, दमट हवेने कागद वळतो आणि नंतर डायखाली सपाट बसत नाही. मार्कर दोन्हीकडून टोक असलेले असतील तर आडवे ठेवायचे, उभे ठेवले की वरचं टोक कोरडं पडतं.

कॉपिकच्या मार्करचे नंबर शहाण्यासारखे असतात, अक्षरावरून रंगाचं घराणं कळतं आणि शेवटचा आकडा जितका मोठा तितका रंग गडद, म्हणजे जोड्या लावायला सोपं. माझ्या स्वस्त सेटमधे नंबरांना काही अर्थच नाही, ८ नंबर गुलाबी आणि ९ नंबर शेवाळी. टोपणावरचा रंग पण कागदावर येत नाही. म्हणून ज्या कागदावर कार्ड करणार त्याच कागदावर ऐंशीच्या ऐंशी रंगांचे चौकोन रंगवून नंबर लिहून ठेवले, एक पूर्ण दुपार गेली, पण तो कागद आता माझ्याकडची सगळ्यात कामाची वस्तू आहे. बजेट नसेल तर साध्या चांगल्या रंगीत पेन्सिलींनी सुरवात करा, व्हॅसलीनचा अगदी थोडा बोळा फिरवला की पेन्सिलचे रंग पण छान मिसळतात.

रंगवून झाल्यावर इंजिन मी कात्रीनेच कापलं, बाहेरून दोन मिलिमीटर पांढरी कड ठेवून, कारण त्या आकाराचा डाय असणारच नव्हता. कात्री स्थिर धरायची आणि कागद फिरवायचा, वळणं गुळगुळीत येतात. मागे डायने कापलेल्या तीन चौकटी एकावर एक, रुळांसाठी राखाडी पट्ट्या, आणि इंजिन फोम टेपवर, म्हणजे ते कागदापासून थोडं वर उचललेलं दिसतं. फोम टेपच्या बाबतीत स्वस्तातला घेऊ नका, उन्हाळ्यात त्याचा गोंद पातळ होतो आणि आठ दिवसांत चित्र खाली घसरतं, माझ्या दोन कार्डांचं झालं. पोस्टाने पाठवणार असाल तर फोम टेप नकोच, पाकिटावर शिक्का बसला की चित्र चेपतं, आणि वजन २० ग्रॅमच्या पुढे गेलं की तिकीट जास्त लावावं लागतं. जाड कार्ड हातात द्यायचं, पोस्टाचं पातळ करायचं.

आप्पांनी कार्ड चष्मा लावून बघितलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, इंजिनावरची पट्टी एवढी पांढरीशुभ्र नसते, थोडी मळकी पिवळट असते. दुसऱ्या दिवशी मी फिकट पिवळ्या पेन्सिलीने एक हात फिरवला आणि दाखवलं, मान हलवली त्यांनी. शेडमधल्या लोकांना पण त्यांनी ते कार्ड नेऊन दाखवलं.

मार्क द्यायचे तर मशीनला पाचापैकी साडेतीन. रोलर, हँडल, कापणं याला पूर्ण पाच दिले असते, चौदा महिन्यांत दीडशेच्या वर कार्डं काढली आणि गिअर एकदाही अडकला नाही. दीड कापला तो बेस प्लेट सुटी न मिळण्याबद्दल आणि त्या फुकटच्या डायवरून दिलेल्या वागणुकीबद्दल. वर्षाला दहा-बारा कार्डं करणारीने घेऊ नये, कात्री आणि चांगला कागद पुरेल, तेच पैसे रंगांवर घाला. राखी, दिवाळी, वाढदिवस असं सतत करत असाल, किंवा शाळेत, बचत गटात मिळून वापरणार असाल, तर घ्या.

आता अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. माहेरी येणाऱ्या चारही बहिणींना मी कार्डं करतेय, निंबाच्या फांदीला झोका आणि झोक्यावर पोरगी. झोक्याचा डाय कुठेच मिळाला नाही, बागेतल्या लोखंडी साखळीचा एक मिळाला तो नको वाटला, आपला झोका दोराचाच पाहिजे. तर निंबाची पानं डायने कापतेय, कढीपत्त्याच्या नावाने विकतात तोच डाय लांबट कागदावर चालून जातो, पोरगी हाताने काढून रंगवतेय आणि दोर म्हणून खराच सुतळीचा धागा लावलाय, वरून दोन टाके. दोन झालीत, दोन राहिलीत, उद्या पहाटे परत बसते.