जुन्या गाडीचा आवाज शोधून हवा असेल तर नाशिकच्या सातपूरचं हे गॅरेज

गाडी 2011 ची वॅगन आर, एक लाख बारा हजार किमी झालेत. दोनेक महिने खराब रस्त्यावर पुढून खडखड यायची आणि साठच्या वर गेलं की घूंऽऽ. आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दाखवली, तिथे न चालवताच सांगितलं पुढचे दोन्ही शॉकअप बदला आणि टायर पण बघा, इस्टिमेट अकरा हजार. बरं म्हटलं आणि निघालो.

मग मित्राने इथे पाठवलं. पत्र्याची शेड, बसायला जुना टायर. मालकांना सगळे मामाच म्हणतात. मामांनी आधी बॉनेट नाही, डिकी उघडली आणि जॅक, पाना आणि गेल्या महिन्यात देवळातून आणलेला नारळ (तो मी विसरलोच होतो) सगळं बाहेर काढून ठेवलं, म्हणे आता चला.

मला चालवायला लावून स्वतः शेजारी बसले. कंपनीच्या कंपाउंड भिंतीला लागून काच खाली करून हळू घ्यायला सांगितली, भिंतीवरून आवाज परत येतो म्हणून कुठल्या बाजूचा ते कळतं. पुढे खड्ड्यांचा पॅच आला, खडखड सुरू, तर म्हणाले "हलका ब्रेक धरून ठेवा". धरला आणि आवाज गायब! सोडला की परत. "शॉकअप नाही ओ, कॅलिपर वाजतंय." कॅलिपर म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग. चाक खोललं तर तो ज्यावर सरकतो त्या पिना कोरड्या ठणठणीत आणि पॅडची एक क्लिप जागेवरच नाही. ग्रीस, नवीन क्लिप, 450 रुपये.

घूंऽऽ साठी त्र्यंबक रोडला नेली. उजवीकडे घेतली की आवाज वाढायचा, डावीकडे घेतली की कमी, म्हणजे डाव्या चाकाचं बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ते), कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर येतं. तरी जॅकवर चढवून चाक हाताने फिरवलं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर. मलाही हात लावायला दिला, जात्यासारखं खरखर जाणवत होतं, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. नवीन बेअरिंग प्रेसवर (दाब देऊन बसवायच्या मशीनवर) बसवून आणलं, मजुरीसकट 2200.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. दुपारी चारला देतो म्हणाले, मिळाली साडेसातला. पक्कं बिल नाही, वहीच्या पानावर हिशोब, आणि सीटवर ग्रीसचा पंजा उमटलाय तो अजून गेला नाही. एसीचं काम करत नाहीत, तसं आधीच सांगतात. एक स्टार या सगळ्यासाठी कापला, चार देतोय.

सकाळी स्टार्ट करतानाचाच आवाज असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी तिथे लावून या. गरम इंजिन घेऊन गेलात तर मामा बघतसुद्धा नाहीत, उद्या या म्हणतात.