वाफेतून अँटीबायोटिक की तोंडाने, की सलाईनमधून?

छातीचं इन्फेक्शन आहे ना, मग औषध सरळ छातीतच सोडा की, पोट कशाला बिघडवायचं, हा प्रश्न मुलांचे आईबाप हमखास विचारतात आणि ऐकायला पटतोही. आधी एक गोंधळ मिटवू, धाप लागल्यावर मुलांना जी वाफ देतात (गरम पाण्याची नव्हे, नेब्युलायझर नावाच्या मशीनमधून निघणारा औषधाचा धूर) त्यात बहुतेकदा श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल नाहीतर सूज कमी करणारं ब्युडेसोनाइड असतं, त्यातलं एकही अँटीबायोटिक नाही.

साध्या न्यूमोनियात तुलना करण्यासारखं फारसं नाहीच. मूल पितंय-खातंय तर तोंडाने अमॉक्सिसिलिन, जास्त आजारी असेल तर इंजेक्शन. फुफ्फुसाचा जो भाग पाण्या-पुवाने भरलाय तिथं हवाच पोचत नाही मग वाफ कुठून पोचणार, रक्तातून मात्र औषध जातं. आणि व्हायरल असेल तर तिन्ही रस्ते फुकट.

खरी निवड येते ती सिस्टिक फायब्रोसिससारख्या आजारात, जिथं श्वासनळ्यांत चिकट कफ साचतो आणि त्यात स्युडोमोनास नावाचा जंतू घर करतो. त्यावरचं टोब्रामायसिन हे अँटीबायोटिक शिरेतून दिलं तर कफात पुरेसं उतरवायला डोस मोठा लागतो आणि कान, किडनीवर लक्ष ठेवावं लागतं, रक्ततपासण्या आल्याच. तेच वाफेतून दिलं की कफात भरपूर, रक्तात अगदी थोडं. अमेरिकेत 1997 साली याला मंजुरी मिळाली, 6 वर्षांपुढच्यांसाठी, 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 28 दिवस घ्यायचं आणि 28 दिवस बंद. पण आजार एकदम उसळला, ताप, वजन घटतंय, तर सलाईनच, तिथं वाफेवर भागवू नका.

आता वाफेची खरी किंमत सांगते, वेळ. हवेच्या दाबावर चालणाऱ्या साध्या जेट नेब्युलायझरवर एका डोसला साधारण 15 मिनिटं, त्याआधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध आणि कफ काढायची फिजिओथेरपी, नंतर मशीनचा औषधाचा कप धुणं, उकळणं, वाळवणं, आणि हे सगळं सकाळ-संध्याकाळ, शाळेच्या दिवशीही. जाळीवाल्या मेश मशीनवर लवकर उरकतं, पण प्रत्येक औषध प्रत्येक मशीनवर चालत नाही. लहानगं रडत असेल तर मास्क गालावरून सुटतो, पांढरा धूर डोळ्यांकडे जाताना दिसतो, आपल्याला वाटतं डोस झाला, आत मात्र नावापुरतंच गेलेलं असतं. झोपेत किंवा मांडीवर शांत असताना मास्क घट्ट धरून द्या, आणि जमायला लागलं की माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या नळीवर या. खोकला येणं, आवाज बसणं चालतं, पण काहींच्या श्वासनळ्या आवळतात म्हणून पहिला डोस डॉक्टरांसमोरच.

आणि इंजेक्शनची बाटली मनाने मशीनमध्ये ओतू नका, त्यातले प्रिझर्व्हेटिव्ह श्वासनळ्यांना झोंबू शकतात. कोलिस्टिन हे दुसरं अँटीबायोटिक डॉक्टरांनी वाफेसाठी दिलंच तर कालवल्याबरोबर लगेच वापरायचं, सकाळी कालवून संध्याकाळसाठी ठेवायचं नाही.