आठ महिने १३० मिमीची दुर्बीण: रात्र काळी का, हे कळेपर्यंत

दिवाळीत घेतलेल्या टेबलटॉप परावर्ती दुर्बिणीला आता आठ महिने झाले. यावल तालुक्यात आमची केळी आहे. रात्रीची लाइट असली की मोटार सुरू करायला शेतात जावंच लागतं. तेव्हा दुर्बीण सोबत नेतो आणि टाकीच्या स्लॅबवर मांडतो.

आधी वस्तूबद्दल. आरसा चांगला आहे. २५ मिमीच्या नेत्रिकेतून (डोळा लावायचं भिंग) २६ पट दिसतं, मृगातला तेजोमेघ तेवढ्यावरच मन भरून दिसतो. सोबत आलेली १० मिमीची नेत्रिका मात्र कडेला धूसर, ती मी बदलली. नेम धरायचा लाल ठिपक्याचा शोधक दोन महिन्यांत ढिला पडला. उन्हाळ्यात बाहेर मांडल्यावर अर्धा तास थांबा, नळी तापलेली असेल तर तारे थरथरतात. दक्षिणेला भुसावळकडचा उजेड नडतो. सातपुड्याकडे आभाळ काळंभोर.

त्या काळेपणानेच मला धरून ठेवलं. पुष्यात नुसत्या डोळ्यांना पुसटसा डाग दिसतो, दुर्बिणीत तिथे ताऱ्यांचा थवा निघतो. जिथे नळी वळवावी तिथे नवे तारे. आमचे सालदार नाना बघून म्हणाले, "भाऊ, इतके तारे हायेत, मग रात्र काळी कशी?"

हाच जर्मन खगोलज्ञ ओल्बर्सच्या नावाने ओळखला जाणारा विरोधाभास. विश्व अनंत, अनादि आणि ताऱ्यांनी सारखंच भरलेलं धरा. दुप्पट अंतरावरचा तारा चौपट मंद, पण तिथल्या तेवढ्याच जाडीच्या थरात तारे चौपट. म्हणजे प्रत्येक थर सारखाच उजेड देणार आणि सगळं आभाळ सूर्यासारखं झळाळणार. दाट केळीत आत शिरलं की जिकडे बघाल तिकडे खांबच दिसतो, तसं. केप्लरला ही अडचण १६१० मध्येच दिसली होती.

नानांना वाटलं, मध्ये धूळ असेल. ओल्बर्सनेही १८२३ मध्ये जवळपास हेच उत्तर दिलं होतं. पण वैशाखात आमच्या घराची भिंत दिवसभर तापते आणि रात्री स्वतःच धग सोडते. अनंत काळ उजेड खाणारी धूळही तशीच तापून चमकायला लागेल. हे समजावताना मलाच ते पहिल्यांदा नीट कळलं.

चूक गणितात नव्हती, 'अनादि' या गृहीतकात होती. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं. तेवढ्या वर्षांत प्रकाश जेवढं अंतर कापू शकतो, त्यापलीकडचा उजेड अजून पोचलेलाच नाही. आपल्या वाट्याला बागेचा एक लहान तुकडा आला आहे, म्हणून खांबांच्या फटींतून आरपार दिसतं.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये दाखवलं होतं की जगाला आरंभ आहे आणि नाही, अशा दोन्ही बाजू तर्काने सारख्याच सिद्ध करता येतात, म्हणून बुद्धीने तिथे निकाल देऊ नये. त्याचा युक्तिवाद मला अजूनही भारी वाटतो, पण निदान ताऱ्यांच्या वयापुरती साक्ष तर रोज रात्री डोक्यावर होती.

आणि आभाळ पूर्ण काळं नाहीच. विश्व तरुण असताना ते खरोखर सगळीकडून तळपत होतं. तो प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळे सुमारे ११०० पट ताणला गेला आणि आता सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) होऊन सगळ्या दिशांनी येतो. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या पेन्झियास आणि विल्सन या रेडिओ-खगोलज्ञांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. माझ्या आरशावरही तो पडतोच, फक्त नेत्रिकेला डोळा लावून दिसत नाही.

पावसाळ्यात दुर्बीण कोरड्या पेटीत ठेवणार आहे. घ्यायची असेल तर हीच घ्या, फक्त १० मिमीच्या चांगल्या नेत्रिकेचे पैसे वेगळे धरा. नानांनी आत्ताच विचारून ठेवलंय, पुन्हा कधी काढणार.