शॉक पंप, ओ-रिंग आणि नानांचा व्हर्निअर: आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात फुल-सस्पेन्शन सायकल घेतली (पुढे-मागे दोन्हीकडे दणके झेलणारी), सेकंडहँड. पुढे फोर्क, त्याला 130 मिमी ट्रॅव्हल (चाक जास्तीत जास्त तेवढं वर दबतं); मागे शॉक, तिथे चाकाला 120. सोबत या दोन्हींत हवा भरायला काट्याचा शॉक पंप घेतला, 300 पीएसआयपर्यंतचा (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप). नाशकात सायकलवाल्यांना तोटा नाही, पण बहुतेक सगळे डांबरी रस्त्यावरचे. 2015 मध्ये इथल्या डॉक्टर महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हा गावाला जे वेड लागलं तेही रोड बाइकचंच. टायरमध्ये किती हवा भरायची ते कुणीही सांगेल. सॅग किती ठेवू, असं विचारलं की समोरचा माझ्याच तोंडाकडे बघतो.

सॅग म्हणजे आपण नुसते सायकलवर चढलो की सस्पेन्शन जेवढं दबतं तेवढं अंतर. खड्डा आला की चाकाला खाली जाऊन जमीन धरायला तेवढी जागा लागते. पुढे साधारण 20 टक्के आणि मागे 28 असं मी धरून चाललो. पुढचा हिशोब सरळ आहे, 130 चे 26 मिमी. मागे मात्र मी पहिल्याच दिवशी आपटलो. 120 चे 28 टक्के काढले, साडेतेहतीस आले आणि ओ-रिंग (दांडीवर सरकून दबलेलं अंतर दाखवणारी रबरी कडी) तिथवर का जात नाही म्हणून हवा सोडत बसलो. शॉकची दांडी मुळात सरकतेच 45 मिमी! टक्के तिचे काढायचे, चाकाचे नाही. म्हणजे साडेबारा.

दुसरी चूक पार्किंगची. पाणी वाहून जावं म्हणून आमच्या सोसायटीच्या पार्किंगला उतार दिलाय, तो डोळ्यांना जाणवत नाही. सायकलचं तोंड चढाकडे होतं, त्यामुळे वजन मागे जायचं आणि मागचा सॅग 16 मिमी दिसायचा. म्हणून मी हवा वाढवत नेली. पांडवलेणीच्या डोंगराजवळच्या दगडगोट्यांवर मागचं चाक अशा लाथा मारायला लागलं की शॉकच गेला, असं वाटलं.

मग नाना मैदानात उतरले. सातपूरला एका कारखान्यात तीस वर्षं टर्नर होते. पट्टीने मोजणं हा त्यांच्या लेखी गुन्हा. कपाटातून 0.02 मिमीपर्यंत मोजणारा व्हर्निअर निघाला आणि पुढच्या फोर्कच्या नळीवर ओरखडा नको म्हणून जबड्यांना कागदी टेप चिकटवली गेली. आईने हँडल धरलं. मी हेल्मेट, बूट, दोन लिटर पाण्याची पाठपिशवी असा सगळा जामानिमा करून पेडलवर उभा. कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग रोखणारी सेटिंग) पूर्ण उघडं.

“आता वरून हळू खाली ये. थांब. 27.4. आता पूर्ण दाब आणि हळू वर ये. थांब, हलू नकोस. 31.”

साडेतीन मिमीचा फरक! हे सीलचं, म्हणजे नळीला घट्ट बसलेल्या रबराचं घर्षण. ओ-रिंग फक्त नळी किती खाली गेली ते सांगते, हा फरक तिला दिसत नाही. नानांनी दोन्हीकडून तीन-तीनदा मोजून सरासरी काढली. 29 आली. मग हवा थोडी वाढवून 26 वर आणलं, माझ्या 83 किलोंना (सामानासकट) 75 पीएसआय.

ट्रॅव्हल मोजताना मात्र फजिती झाली. हवा पूर्ण सोडायची, फोर्क तळापर्यंत दाबायचा आणि सीलपासून वरच्या क्राउनपर्यंतच्या (दोन्ही नळ्या जोडणारा भाग) अंतरात किती फरक पडला ते बघायचं. मी घाईत भसकन हवा सोडली. फोर्क खाली बसला तो वर येईचना. नाना म्हणाले, “स्प्रिंग तुटली.” स्प्रिंग कसली, आत हवाच! निगेटिव्ह चेंबरमध्ये, म्हणजे मुख्य हवेच्या उलट ढकलणाऱ्या कप्प्यात, अडकलेली हवा फोर्कला खाली ओढत होती. थोडी हवा भरून, सुरुवातीच्या भागात दहा-बारा वेळा हळूहळू दाबल्यावर तो वर आला. आता हवा सोडताना आणि भरतानाही असंच दाबत राहतो.

पंपाबद्दल. वॉशर अजून धड आहे, नळी गळत नाही. पण काटा 300 चा असल्याने 75 च्या आसपासचे आकडे दाटीवाटीने बसलेत, दोन-तीन पीएसआयचा फरक अंदाजानेच. पंप लावला की थोडी हवा त्याच्याच नळीत जाते, आणि शॉकमधली जागा छोटी असल्याने तिथे काटा चांगलाच उतरतो. मी पहिला महिना रोज सकाळी ‘फक्त चेक’ करत होतो आणि शॉकमधून हवा गळते म्हणून दुकानदाराशी वाद घालत होतो. काढताना होणारा फुस्स आवाज बहुतेक नळीतल्या हवेचा असतो, त्याला घाबरू नका.

ऋतूचाही फरक पडतो. जानेवारीत पहाटे 12 अंशांना भरलेले 75, एप्रिलच्या दुपारी 38 अंशांना हिशोबाने 83 च्या घरात जातात. गंगापूर धरणाच्या बाजूला दुपारी फोर्क कडक का लागतो, ते तेव्हा कळलं. सॅग 26 चा 24 वर आला होता.

राइडनंतर फोर्कवरची रिंग कुठे थांबली ते बघायची सवय मात्र लागली. अंजनेरीकडच्या सगळ्यात मोठ्या आपटीतही ती 112 च्या पुढे जात नव्हती. सॅग बरोबर असूनही शेवटचे 18 मिमी वाया. आत दोन व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करून शेवटी फोर्क कडक करणारे तुकडे) निघाले, आधीच्या मालकाचे. एक काढला, आता 124 पर्यंत जाते.

पहिल्या पावसाच्या चिखलाने सील पुन्हा जड झालीय. पुढच्या आठवड्यात फोर्कचं तेल बदलायचंय. साडेतीनचा फरक कितीवर येतो ते नानांना बघायचंय, व्हर्निअर त्यांनी आतापासूनच टीव्हीशेजारी काढून ठेवलाय.